सेस्ना १७२एस: स्टॉल शिकण्यासाठी जरा जास्तच समजूतदार विमान

सेस्ना १७२ या विमानाचे पहिले उड्डाण १९५५ साली झाले, पुढच्या वर्षी ते विक्रीला आले आणि तेव्हापासून आजवर अशी ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली. जगात इतर कोणत्याही विमानाची एवढी निर्मिती झालेली नाही. इतक्या लोकांनी ज्यावर उड्डाण शिकून घेतले ते विमान सर्वसाधारणपणे चांगले आहे की नाही, ही चर्चा आता निरर्थक आहे. येथे त्याच्या १७२एस या १८० अश्वशक्तीच्या आवृत्तीचे परीक्षण एकाच कामापुरते केले आहे. स्टॉल म्हणजे पंखावरून वाहणारी हवा सुटून त्याचा उचलण्याचा जोर ढासळणे. स्लो फ्लाइट, म्हणजे स्टॉलच्या उंबरठ्याजवळच्या वेगाने केलेले नियंत्रित उड्डाण, आणि स्टॉलमधून बाहेर पडणे, या दोन पाठांच्या सरावासाठी हे विमान घ्यावे का, आणि घेतले तर त्याच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी, एवढाच प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो. या पाठांच्या पहिल्या काही तासांसाठी याहून निर्धोक विमान शोधणे अवघड आहे. पण त्याच स्वभावामुळे ते विद्यार्थ्याच्या बऱ्याच चुका पोटात घालते, आणि त्या चुका शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने उघड्या करून दाखवल्या नाहीत तर त्यांच्या सवयी होतात आणि त्या सवयी पुढे कमी समजूतदार विमानात जाऊन बसतात.

या स्वभावाचे मूळ पंखात आहे. स्टॉल वेगामुळे होत नाही, पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, एका मर्यादेपलीकडे गेल्यामुळे होतो, हे पुस्तकात प्रत्येकाने वाचलेले असते. १७२ च्या पंखाला मुळापासून टोकापर्यंत सुमारे ३ अंशांचा पीळ दिलेला आहे. त्यामुळे मुळाजवळचा भाग ती मर्यादा आधी ओलांडतो आणि टोकाकडचा भाग, जिथे एलरॉन, म्हणजे विमान डावीउजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या, आहेत, आणखी काही काळ हवा धरून राहतो. परिणामी स्टॉल होत असतानाही योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातले सुकाणू, डावीउजवीकडे फिरवला तर विमान बऱ्यापैकी ऐकते. वैमानिकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती थोडी फसवी आहे, कारण खचणारा पंख एलरॉनने उचलण्याचा प्रयत्न केला की त्याच पंखाचा कोन आणखी वाढतो, त्याचा अवरोध वाढून नाक तिकडे ओढले जाते आणि इतर अनेक विमानांत त्यातूनच स्पिनची, म्हणजे स्टॉल झालेल्या विमानाच्या गरगर फिरत खाली पडण्याची, सुरुवात होते. १७२ मध्ये ही चूक बहुतेक वेळा खपून जाते.

आता स्लो फ्लाइटकडे वळू. या पाठाची व्याख्याच मध्यंतरी बदलली. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या जुन्या परीक्षा-निकषांत विमान अशा वेगावर न्यावे लागे की कोन किंचित वाढवला किंवा शक्ती किंचित कमी केली तर तत्काळ स्टॉल व्हावा. म्हणजे प्रत्यक्षात स्टॉल जवळ आल्याचा इशारा देणारा हॉर्न सतत वाजत असतानाच वळणे, चढणे आणि उतरणे करून दाखवावे लागे. २०१६ साली नवे निकष आले आणि हॉर्न वाजू न देता, पण वाजण्याच्या अगदी अलीकडे राहून हे सर्व करावे असे ठरले. यामागचा विचार असा की इशारा वाजत असताना निवांत उडत राहण्याची सवय लावणे म्हणजे त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकवणे. हा युक्तिवाद मला पटतो, परंतु जुन्या पद्धतीत रडर (नाक डावीउजवीकडे वळवणारा, पायांनी चालवायचा शेपटीवरचा भाग) आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारी कळ) यांची जी समज येत असे ती नव्या पद्धतीत तितकी येत नाही, असेही मला वाटते. परीक्षेची तयारी नव्या निकषाने करावी आणि प्रशिक्षकासोबत अधूनमधून हॉर्न वाजवत ठेवूनही उडावे. १७२ दोन्ही प्रकार सारख्याच शांतपणे करू देते.

फ्लॅप, म्हणजे कमी वेगात पंखाचा उचलण्याचा जोर वाढवणाऱ्या त्याच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, पूर्ण ३० अंश सोडून, वेग हळूहळू कमी करत आणि उंची टिकवण्यासाठी शक्ती वाढवत नेली की एक टप्पा असा येतो की वेग आणखी कमी करायला आणखी जास्त शक्ती लागते. शक्तीच्या आलेखाची ही मागची बाजू १७२एस फार स्पष्ट दाखवते. योक मागे घेतला की विमान चढण्याऐवजी खाली जाऊ लागते. उंची थ्रॉटलने आणि वेग नाकाच्या स्थितीने सांभाळायचा, हे इथे शब्दांत सांगावे लागत नाही. एलरॉन सैल लागतात, त्यांचे काम जाणवायला वेळ लागतो, आणि उजव्या रडरवर सतत पाय ठेवावा लागतो, कारण नाक वर आणि शक्ती जास्त असताना प्रोपेलरचे उजवीकडून खाली येणारे पाते अधिक ओढते आणि नाक डावीकडे सरकत राहते. ज्या विद्यार्थ्याचे पाय तोवर झोपलेले असतात त्याच्यासमोरचा, विमान तिरके घसरत असल्याचे दाखवणारा चेंडू या पाठात काचेच्या नळीच्या कडेला जाऊन बसतो, आणि ते सर्वांनाच दिसते. स्लो फ्लाइटसाठी म्हणून या विमानाला मी जवळजवळ पूर्ण गुण देईन.

वेगमापकाबद्दल मात्र सावध राहायला हवे. १७२एस च्या वेगमापकावरील पांढरा पट्टा ४० नॉटपासून आणि हिरवा पट्टा ४८ नॉटपासून सुरू होतो. म्हणजे कमाल वजनावर, इंजिन निष्क्रिय असताना, पूर्ण फ्लॅपसह ४० आणि फ्लॅपविना ४८ नॉटला स्टॉल दिसतो. पण हे दिसणारे आकडे आहेत. मोठ्या कोनात वेग मोजणारी पिटोट नळी आणि स्थिर दाबाचे छिद्र यांना हवा तिरपी लागते, आणि तो दोष काढून टाकल्यावर खरा आकडा पूर्ण फ्लॅपसह ४८ आणि फ्लॅपविना ५३ नॉट येतो. आठ नॉटांचा हा फरक किरकोळ नाही. उतरतानाचा वेग स्टॉलच्या १.३ पट असावा हा नियम ४० या दिसणाऱ्या आकड्याला लावला तर ५२ नॉट येतात आणि हिशोब धोकादायक रीतीने चुकतो. ४८ ला लावला तर ६२ च्या आसपास येतात, आणि आखूड धावपट्टीवर उतरण्यासाठी विमानाच्या हस्तपुस्तिकेत दिलेला ६१ नॉटांचा वेग याच हिशोबाशी जुळतो. स्टॉलचा सराव करताना काटा ४० च्याही खाली घसरलेला पाहून काही जण विमानाचे कौतुक करतात. त्या कौतुकातला बराचसा वाटा नळीच्या दोषाचा असतो.

हॉर्नची रचना मला मनापासून आवडते. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहान छिद्र आहे, कोन वाढला की तिथला दाब कमी होतो, त्यामुळे हॉर्नमधून हवा छिद्राकडे ओढली जाते आणि विंडशील्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळची पत्ती पिपाणीसारखी वाजू लागते. वीज नाही, स्विच नाही, दिवा नाही. स्टॉलच्या साधारण ५ ते १० नॉट आधी ती कण्हू लागते आणि जसजसा स्टॉल जवळ येतो तसतसा स्वर चढत जातो, त्यामुळे कानांनाच अंतराचा अंदाज येतो. पायपरच्या विमानांतील विजेवर चालणारा इशारा एक तर बंद असतो किंवा चालू. मधल्या छटा त्यात नाहीत. उड्डाणापूर्वी त्या छिद्रावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढून हॉर्न तपासायचा असतो, आणि हे करताना कितीही अवघडल्यासारखे वाटले तरी ते टाळू नये, कारण छिद्रात किडा किंवा माती अडकली असेल तर हॉर्न अजिबात वाजणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे छिद्र एकाच पंखावर आहे. विमान तिरके घसरत असेल तर दोन पंखांना हवा सारखी लागत नाही आणि हॉर्नच्या वेळेवर पूर्ण विसंबता येत नाही.

इंजिन निष्क्रिय ठेवून केलेल्या स्टॉलमध्ये या विमानाचा सौम्यपणा टोकाला जातो. पुढे दोनच माणसे बसलेली असली की गुरुत्वमध्य पुढे असतो, आणि योक पूर्ण मागे घेतला तरी एलेव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या भागाचा, जोर पंखाला नीट स्टॉल करायला अनेकदा पुरत नाही. विमान नाक किंचित वर-खाली करत, अंगभर हलकी थरथर देत, वेगाने खाली बसत राहते. नाक ठळकपणे पडेल या अपेक्षेने वाट पाहणारा विद्यार्थी गोंधळतो आणि स्टॉल झालाच नाही असे समजतो, पण उंचीमापक भराभर उलटा फिरत असतो. हा अनुभव मात्र मोलाचा आहे. जमिनीजवळ होणाऱ्या अपघातांत नाक पडण्याची स्पष्ट खूण मिळेलच असे नाही, आणि योक पोटाशी लागलेला असूनही विमान चढत नाही हीच खरी खूण असते. प्रशिक्षकाने या अवस्थेत विद्यार्थ्याला काही सेकंद मुद्दाम ठेवावे, रडरने पंख समतल ठेवायला लावावे आणि मगच योक पुढे सोडायला सांगावे.

शक्तीसह केलेला स्टॉल निराळा. फक्त पुढची दोन आसने भरलेली असताना पूर्ण थ्रॉटलवर हे विमान इतके नाक वर करते की समोर आकाशाशिवाय काही दिसत नाही, आणि तरीही ते स्टॉल व्हायला वेळ घेते. अमेरिकी निकषांत परीक्षकाने ठरवलेली, पण उपलब्ध शक्तीच्या ६५ टक्क्यांहून कमी नसलेली शक्ती चालते, आणि सरावासाठी ती खालची मर्यादाच मला अधिक शहाणपणाची वाटते. स्टॉलच्या क्षणी उजवा पाय कमी पडला असेल तर डावा पंख झटकन खचतो. या विमानाने विद्यार्थ्याला दचकवण्याचे जे थोडे प्रसंग आहेत त्यांतला हा एक, आणि तो टाळण्यापेक्षा घडू द्यावा असे माझे मत आहे, अर्थात पुरेशा उंचीवर. एका इंजिनाच्या विमानात सराव १,५०० फुटांच्या वर संपलेला असावा हा परीक्षेचा नियम आहे. त्याच्या दुप्पट उंचीवर सुरुवात केली तर कोणाचे काही बिघडत नाही.

सुटकेच्या पाठात माझी मुख्य तक्रार आहे, आणि ती खरे तर इंजिनाच्या उदारतेबद्दल आहे. १८० अश्वशक्ती हाताशी असल्यामुळे योक जेमतेम सैल करून थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला तरी १७२एस स्टॉलमधून अक्षरशः ओढून बाहेर काढते, उंचीही फारशी जात नाही, आणि विद्यार्थ्याच्या मनात थ्रॉटल म्हणजेच सुटका हे समीकरण पक्के होते. मोठ्या विमानांच्या प्रशिक्षणातही दीर्घकाळ कमीत कमी उंची गमावण्यावर भर होता. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलोजवळ डॅश ८ क्यू-४०० जातीचे प्रवासी विमान कोसळले आणि ५० जण मृत्युमुखी पडले. त्यात स्टॉलचा इशारा सुरू झाल्यावर कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी नियंत्रण मागे ओढले होते. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांच्या प्रशिक्षणाची मांडणी बदलली: आधी नाक खाली करून कोन कमी करायचा, मग पंख समतल, मग गरजेपुरती शक्ती, आणि उंचीचा विचार त्यानंतर. हाच क्रम लहान विमानातही खरा आहे. म्हणून १७२एस वर सुटकेचा सराव इंजिन निष्क्रिय ठेवूनच बऱ्याचदा करावा. योक पुढे सोडताच पंख पुन्हा हवा धरतो, थरथर थांबते, हॉर्न गप्प होतो, आणि हे सर्व थ्रॉटलला हात न लावता घडते, हे एकदा अंगात मुरले की शक्ती कशासाठी वापरायची ते आपोआप कळते. हस्तपुस्तिकेनुसार सुटकेत २३० फुटांपर्यंत उंची जाऊ शकते. ती वाचवण्याच्या घाईत योक लगेच मागे घेतला तर दुसरा स्टॉल होतो, आणि तो पहिल्यापेक्षा कमी सभ्य असतो.

या विमानाचे खरे दात पाहायचे असतील तर ट्रिम-स्टॉलचे प्रात्यक्षिक मागून घ्यावे. उतरण्यासाठी पूर्ण फ्लॅप, ६० ते ६५ नॉटांचा वेग आणि त्या वेगाला हात सोडून उडेल असे ट्रिम, म्हणजे योकवरचा दाब काढून टाकणारी जुळणी, इथपर्यंत सर्व नेहमीचेच आहे. आता धावपट्टी मोकळी नाही असे समजून थ्रॉटल पूर्ण पुढे करावे. फ्लॅपवरून खाली वाकलेला प्रोपेलरचा झोत शेपटीवर पडतो, ट्रिम आधीच नाक वर करणारे आहे, आणि नाक इतक्या जोराने वर जाते की योक पुढे दाबून धरायला दोन्ही हातांचा जोर लावावासा वाटतो. धरला नाही तर हॉर्न लगेच कण्हू लागतो आणि उजवा पाय विसरला असेल तर डावा पंख खचतो. पुन्हा चढताना फ्लॅप ३० वरून आधी २० वर घ्यायचे, सर्व एकदम नाही, कारण एकदम घेतले तर पंखाचा भार पेलण्याचा गुणच कमी होतो. पण फ्लॅप विजेवर सावकाश सरकतात आणि त्या सेकंदांत विमान हाताच्या जोरानेच सांभाळावे लागते. इथे १७२ चूक पोटात घालत नाही. १९८१ च्या १७२पी पासून फ्लॅपची मर्यादा ४० अंशांवरून ३० वर आणली गेली; जुनी विमाने उडवणाऱ्यांना ते ४० अंश अजूनही प्रिय आहेत, परंतु पुन्हा चढण्याच्या वेळी त्या शेवटच्या १० अंशांचा अवरोध काय करतो हे ज्याने अनुभवले आहे त्याला हा बदल अन्यायाचा वाटणार नाही.

वळणातल्या स्टॉलविषयी थोडक्यात. समतल वळणात ४५ अंश कलल्यावर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांना सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे फ्लॅपविना ४८ चे ६८ नॉट होतात. हे आकडे पाठ असणे वेगळे आणि ६५ नॉटांवर हॉर्न ऐकू येणे वेगळे, म्हणून हा सराव अवश्य करावा. धावपट्टीकडे शेवटचे वळण घेताना ते ओलांडून जाईल या भीतीने आतल्या बाजूचा रडर जास्त दाबला जातो आणि वाढणारा कल उलट्या एलरॉनने रोखला जातो. या स्थितीत आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला उलटते. १७२ हे दाखवते, पण बऱ्याच आग्रहानंतर. स्पिनची परवानगी फक्त युटिलिटी या कमी वजनाच्या श्रेणीत, २,२०० पाउंड वजनाच्या आत, मागची आसने रिकामी आणि फ्लॅप वर असताना आहे, आणि तेव्हाही हे विमान काही फेऱ्यांत स्पिन सोडून सर्पिल डुबकीत जाण्याकडे कलते, जिथे वेग भराभर वाढत असतो आणि उपाय वेगळा असतो.

बाहेर पाहण्याच्या बाबतीत पंख वर असल्याचा फायदा आणि तोटा दोन्ही आहेत. खालचा प्रदेश स्वच्छ दिसतो, परंतु वळणाच्या बाजूचा पंख नेमकी तीच दिशा झाकतो, म्हणून सरावापूर्वीच्या पाहणीच्या वळणांआधी तो पंख उचलून पलीकडे पाहून घ्यावे लागते. काट्यांऐवजी जी-१००० हे संगणकीय पडदे असलेल्या विमानात विद्यार्थी वेगाच्या पट्टीकडे टक लावून बसतात. सहा सेकंदांनंतरचा वेग दाखवणारी तिथली रेषा इतकी मोहक आहे की नाकाची क्षितिजाशी जुळणी करणे मागे पडते. या पाठासाठी पडदा मंद करावा किंवा झाकावा. गोल काट्यांचे विमान उपलब्ध असेल तर मी तेच निवडेन.

इतर पर्यायांत पायपर वॉरियर हे विमान १७२ इतकेच सौम्य आहे. त्याच्या हाताने ओढायच्या फ्लॅपच्या दांड्यामुळे फ्लॅप काय करतात ते हाताला थेट कळते, हा त्याचा विशेष गुण. १९७८ साली आलेले पायपर टॉमाहॉक याच्या अगदी उलट टोकाला आहे: त्याचा स्टॉल स्पष्ट आणि कधीकधी धक्कादायक असतो, पंख खचतो तेव्हा खरोखर खचतो, आणि त्याच्या पंखांच्या पुढच्या कडेवर नंतर स्टॉल आटोक्यात ठेवणाऱ्या जास्तीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. अनुभवी प्रशिक्षकासोबत ते उत्तम शिक्षक आहे, नवशिक्याने मित्रासोबत सराव करण्याचे विमान ते नव्हे. सेस्ना १५२ मला या सर्वांत अधिक योग्य वाटते. ११० अश्वशक्ती सुटकेत फार मदत करत नाही, त्यामुळे नाक खाली करण्याला पर्याय राहत नाही, आणि पंख खचण्याची चाहूल पायांना लवकर लागते. अडचण एवढीच की १,६७० पाउंडांच्या कमाल वजनात दोन धिप्पाड माणसे आणि भरपूर इंधन एकत्र बसत नाही.

तेव्हा १५२ मिळत असेल तर स्टॉलचे पाठ त्यावर घ्यावेत आणि स्लो फ्लाइटसाठी व ट्रिम-स्टॉलसाठी १७२एस कडे यावे. १७२एस हाच एकमेव पर्याय असेल तर निदान एक सराव मागच्या आसनावर दुसरा विद्यार्थी बसवून, वजन आणि गुरुत्वमध्य मर्यादेत असल्याचा हिशोब कागदावर करून, प्रशिक्षकासोबत करावा. स्पिनचा नव्हे, साध्या स्टॉलचा. गुरुत्वमध्य मागे गेला की एलेव्हेटरचा जोर पुरू लागतो, योक हलका लागतो, आणि पुढे दोघेच असताना नुसते खाली बसत राहणारे विमान यावेळी नाक स्पष्टपणे टाकते.